राष्ट्रपती भवनाचा इतिहास गोव्यातल्या गावात कसा सांगावा

आमच्या वाचनालयात राष्ट्रपती भवनावरचा पहिला कार्यक्रम मी आकड्यांनी सुरू केला होता. ३४० खोल्या, चार मजले, ३३० एकरांचा परिसर, सत्तर कोटी विटा, तीस लाख घनफूट दगड. विटांपर्यंत पोहोचेस्तोवर मागच्या बाकावरच्या दोघांनी माना टाकल्या होत्या. शेवटी ‘काही शंका?’ म्हटल्यावर पुढच्या रांगेतली एक आजी उठली आणि म्हणाली, “बाई, थंय सारण कोण मारता?” म्हणजे, तिथे झाडू कोण मारतं? सगळे हसले, मीही हसले. उत्तर मात्र माझ्यापाशी नव्हतं.

पुढे हाच विषय मी डिचोली-सत्तरीतल्या शाळांत, देवळाच्या सभामंडपात आणि एकदा पाऊस आला म्हणून पंचायत घराच्या व्हरांड्यात घेतला. दर खेपेला काहीतरी गळलं, काहीतरी नवीन शिरलं. आता जी रीत बसली आहे ती इथे सविस्तर देते. शाळेतले शिक्षक, वाचनालयाचे कार्यकर्ते, युवक मंडळं, कुणालाही ती जमण्यासारखी आहे. प्रोजेक्टर नसला तरी चालतं. एक टेबल आणि एक वाटी मात्र लागेल.

आधी गोव्याचं घड्याळ लावा

दिल्लीच्या पुस्तकातली गोष्ट जशीच्या तशी गोव्यात सांगितली की ऐकणाऱ्याला ती परक्या घरची वाटते, आणि तारखांच्या हिशेबाने ती परक्या घरचीच असते. २६ जानेवारी १९५० रोजी सकाळी भारत प्रजासत्ताक झाल्याची घोषणा झाली आणि काही मिनिटांतच डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी राष्ट्रपती भवनाच्या दरबार हॉलमध्ये शपथ घेतली. त्या सकाळी डिचोलीतला माणूस कुणाचा नागरिक होता? पोर्तुगालचा. तोही कागदोपत्री प्रजासत्ताकच! ५ ऑक्टोबर १९१० ला लिस्बनमध्ये राजेशाही संपली होती. तेव्हापासून पोर्तुगालला राजाऐवजी राष्ट्राध्यक्ष होते आणि टेगस नदीजवळचा बेलें राजवाडा हे त्यांचं अधिकृत निवासस्थान होतं.

म्हणजे गोमंतकीयांच्या वाट्याला राष्ट्राध्यक्षांची दोन घरं आली: आधी बेलें, मग दिल्लीची रायसीना टेकडी, जिथे राष्ट्रपती भवन आहे. वर्गात किंवा सभेत मी हे सांगते तेव्हा माना वर होतात. १९१० च्या प्रजासत्ताकाने गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क दिले, हे आपल्याकडे जुन्या पिढीला ठाऊक आहे. पण १९२६ च्या लष्करी उठावानंतर आणि पुढे पंतप्रधान सालाझारच्या राजवटीत त्याच प्रजासत्ताकाची हुकूमशाही झाली. राष्ट्राध्यक्ष राजवाड्यात आणि सत्ता दुसऱ्याच माणसाच्या हातात. ‘राष्ट्राध्यक्षांचं घर’ म्हणजे आपोआप लोकांचं घर होत नाही, ही गोष्ट गोव्याइतकी नेटकी दुसरीकडे कुठे दाखवता येईल असं मला वाटत नाही.

१९ डिसेंबर १९६१ ला शेवटचे पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा शरण आले. बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण आणि दीव २० डिसेंबर १९६१ पासून भारताचा भाग ठरले. लिस्बनला तेव्हा आमेरिकु तोमाश राष्ट्राध्यक्ष होते, दिल्लीत राजेंद्रप्रसाद. रातोरात राष्ट्राध्यक्ष बदलले! आणि राजेंद्रप्रसाद तर मे १९६२ मध्ये निवृत्त झाले. भारताला ते बारा वर्षं लाभले, गोव्याला पाच महिनेसुद्धा नाहीत. गोव्यातला पहिला प्रजासत्ताक दिन २६ जानेवारी १९६२ चा.

कार्यक्रमाआधी फळ्यावर दोन उभे स्तंभ आखा, एक दिल्लीचा आणि एक गोव्याचा. १९१०, १९११, १९२९, १९४७, १९५०, १९६१, १९८७ एवढी सालं पुरतात. १९८७ च्या ३० मेला गोवा घटक राज्य झालं. काही चौकटी मुद्दाम रिकाम्या ठेवा, त्या लोकांकडून भरून घ्यायच्या आहेत.

पंधरा दिवस आधी: म्हाताऱ्या माणसांकडे जा

१९६२ साली दहा वर्षांचं असलेलं मूल आज सत्तरी ओलांडून गेलं आहे. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. चार-पाच विद्यार्थ्यांना दोघादोघांच्या जोड्या करून घरोघर पाठवा. प्रत्येक घरी एकदाच जाऊन भागत नाही. पहिल्या दिवशी चहा-बिस्किटं आणि नातीगोतीच होतात, खरी गोष्ट दुसऱ्या खेपेला निघते.

प्रश्न कसे विचारायचे ते मुलांना आधी शिकवावं लागतं. “मुक्तीच्या वेळी तुम्हांला काय वाटलं?” असं विचारलं की भाषण ऐकायला मिळतं. त्याऐवजी वस्तू विचारा. शाळेच्या भिंतीवर कुणाचा फोटो होता? तिरंगा पहिल्यांदा कुठे पाहिला, कुणाच्या हातात? हातात शेवटचा एश्कुदु कधी आला? (गोव्यात १९५९ पर्यंत रुपिया चालत असे, त्यानंतर एश्कुदु आला, सहा एश्कुदुंना एक रुपिया या हिशेबाने. नोटा बदलण्याचा गोंधळ पुष्कळांना लख्ख आठवतो.) एका आजोबांनी आमच्या मुलींना पत्र्याच्या डब्यातली नाणी ओतून दाखवली आणि मग तासभर थांबलेच नाहीत.

रेकॉर्डिंग करण्याआधी विचारा. नाव छापलं-वाचलं तर चालेल का, हेही विचारा. ‘नको’ म्हटलं तर नको. कोकणीत सांगितलेलं कोकणीतच ठेवा, मराठीत घोटून गुळगुळीत करू नका.

जवळचं घर पाहून या

सत्ताधाऱ्याचं घर म्हणजे काय, ते कळायला आधी आपल्याकडची तीन घरं पुरे आहेत. एका दिवसाची सहल होते. सकाळी जुने गोवे. पोर्तुगीज व्हाइसरॉय इथे राहत तो मूळचा आदिलशाही वाडा. एकोणिसाव्या शतकात तो पाडला गेला, दाराची दगडी चौकट तेवढी उभी आहे. तिच्याजवळच नदीच्या वाटेवर व्हाइसरॉयची कमान, वास्को द गामाच्या पणतू फ्रांसिश्कु द गामाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेली. मुलांना चौकटीतून आरपार चालत जायला लावा. घर गेलं, दार राहिलं.

मग पणजी. जुन्या गोव्यातल्या रोगराईला कंटाळून १७५९ मध्ये व्हाइसरॉयने मांडवीकाठच्या आदिलशहाच्या वाड्यात बिऱ्हाड हलवलं. पणजी अधिकृत राजधानी झाली ती १८४३ ला. मुक्तीनंतर याच वाड्यात सचिवालय आणि विधानसभा. २००० साली विधानसभा पर्वरीला गेली. एकाच इमारतीत सुलतान, व्हाइसरॉय आणि निवडून आलेले आमदार! आत जायला मिळेल की नाही ते आधी विचारून घ्या, पण माझा सल्ला असा की आत जाण्याच्या आधी बेतीच्या फेरीबोटीत बसा. पात्रातून वाड्याची अख्खी दर्शनी बाजू एका नजरेत येते, आणि तो नदीकडे तोंड करून का बांधला हे सांगावं लागत नाही.

शेवटी दोना पावला, काबोचं राजभवन (आता लोकभवन). आधी टोकावर छोटं कपेल (प्रार्थनाघर), मग १५९४ मध्ये फ्रान्सिस्कन साधूंचा मठ, १८३४-३५ ला धर्मसंघांची हकालपट्टी झाल्यावर सरकारचा ताबा आणि नंतर गव्हर्नरचं निवासस्थान. आज राज्यपाल. नेपोलियनच्या काळात इंग्रज पलटणी या भागात तळ ठोकून होत्या, त्यांची दफनभूमी राजभवनाच्या रस्त्यावरच आहे. मुलांनी ती पाहायला हवी. पोर्तुगिजांच्या गोव्यात इंग्रजांची थडगी कशी, हा प्रश्न ती स्वतःहून विचारतात.

राजभवनात गट न्यायचा तर शाळेच्या किंवा संस्थेच्या लेटरहेडवर पत्र लिहा. सोबत नावांची यादी आणि ओळखपत्रांच्या प्रती जोडा, आणि महिनाभर तरी आधी पाठवा. माझी एकदा फजिती झाली ती इथेच. यादी पाठवली, आयत्या वेळी दोन मुलं बदलली आणि फाटकाशी त्या दोघांना बाहेर बसावं लागलं. चूक पूर्णपणे माझी.

टेबल आणि वाटी

आता मुख्य कार्यक्रम. दीड तासाच्या वर नेऊ नका. चतुर्थी, शिगमो आणि गावची जत्रा या तारखा आधी काढून टाका, भजनाचा वारही टाळा. रविवारी संध्याकाळी चार ही आमच्याकडची बरी वेळ. सुरुवात फळ्यावरच्या दोन स्तंभांनी आणि एका रेकॉर्डिंगने करा, दहा मिनिटं. मग सरळ टेबलाकडे.

१२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात पाचव्या जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवत असल्याचं जाहीर केलं. पायाचे दगड दिल्लीच्या उत्तरेला बसवलेही, आणि मग जागाच बदलली. रायसीना टेकडी निवडली गेली. तिथली रायसीना, मालचा ही गावं उठवली गेली. हे वाक्य घाईने पुढे ढकलू नका. धरणासाठी, खाणीसाठी जमीन गेलेली माणसं आपल्या समोर बसलेली असतात.

व्हाइसरॉयच्या घराचा, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनाचा, वास्तुविशारद एडविन लट्यन्स आणि दोन्ही सचिवालयांचा हर्बर्ट बेकर. चढावरून त्यांचं बिनसलं. घर टेकडीवर मागे आणि सचिवालयं पुढे असल्यामुळे लांबून दिसणारा घुमट जवळ येताना चढाआड बुडतो. रस्ता खोदून उतार कमी करा, असा लट्यन्सचा आग्रह होता, तो मान्य झाला नाही. वॉटर्लूच्या लढाईवर कोटी करून त्याने आपल्या या पराभवाला ‘बेकर्लू’ म्हटलं.

हे तोंडाने सांगून कुणाच्या डोक्यात उतरत नाही. म्हणून साधं टेबल घ्या, पाऊण मीटर उंचीचं. आमटीची वाटी, सहाएक सेंटिमीटर उंच, त्यावर उपडी ठेवा, पुढच्या कडेपासून ४० सेंटिमीटर आत. एका मुलीला तीन मीटरवर जमिनीवर बसवा, तिचे डोळे टेबलाच्या पातळीच्या वीतभर खाली यायला हवेत. फार उंच मूल असेल तर हे जमत नाही, चौथी-पाचवीतलं बघा. तिला विचारा, वाटी दिसते? दिसते. आता बसल्या बसल्या पुढे सरकायला सांगा. दीड मीटरवर वाटीचा नुसता माथा राहतो आणि मीटरभरावर आली की वाटी गायब! सभागृहात दर वेळी हशा पिकतो, आणि मग बायाबापुडेही खुर्च्या सोडून बघायला येतात. त्यांना येऊ द्या. अर्धा तास इथेच गेला तरी हरकत नाही.

हसणं ओसरलं की हळूच विचारा: चालत येणाऱ्या माणसाला घर दिसावं की न दिसावं, हे कोण ठरवतं?

आत कोण राहिलं, आणि कुठे

इमारत १९२९ ला पूर्ण झाली. पहिले रहिवासी लॉर्ड अर्विन. १९३१ च्या फेब्रुवारीत गांधीजी वाटाघाटींसाठी याच घराच्या पायऱ्या चढले आणि चर्चिल त्या दृश्याने भडकला. १५ ऑगस्ट १९४७ ला नेहरूंचा शपथविधी दरबार हॉलमध्ये झाला. या सगळ्यावर पाच मिनिटं पुरेत, शाळेच्या पुस्तकात ते असतंच.

थांबायचं ते राजाजींपाशी. १९४८ मध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारी पहिले भारतीय गव्हर्नर जनरल झाले तेव्हा व्हाइसरॉयच्या दालनात त्यांनी मुक्काम केला नाही. मोजक्या खोल्या घेतल्या आणि तिथे राहिले. पुढचे राष्ट्रपतीही त्याच भागात राहत आले, आणि व्हाइसरॉयची दालनं परदेशी पाहुण्यांची झाली. एवढ्या मोठ्या घराचं मालकपण कसं बदललं, ते माझ्या मते कुठल्याही ध्वजारोहणापेक्षा या बिऱ्हाडबदलात जास्त दिसतं. नकाशा फळ्यावर काढून दाखवा. प्रमाणात नसला तरी चालेल.

दरबार हॉलमध्ये व्हाइसरॉयच्या सिंहासनाच्या जागी गुप्तकाळातली बुद्धमूर्ती आली, हेही सांगा. आणि २००७ ते २०१२ या काळात तिथे प्रतिभाताई पाटील होत्या, त्या घरातल्या पहिल्या महिला राष्ट्रपती, मूळ जळगाव जिल्ह्यातल्या. बायकांच्या बचत गटापुढे बोलताना मी सुरुवातच तिथून करते.

आता त्या आजीचा प्रश्न. भवनाच्या परिसरात कर्मचाऱ्यांची घरं आहेत, शाळा आहे, टपाल कार्यालय आहे. माळी, आचारी, सुतार, सफाई करणारे, घोडेस्वार दलाचे जवान आणि त्यांची कुटुंबं मिळून ते एक गावच आहे. हे कळल्यावर लोकांचे पुढचे प्रश्न एकदम बदलतात. त्यांची मुलं कुठे शिकतात, पाणी कुठून येतं, चतुर्थीसारखा सण तिथे होतो का. दहा मिनिटं या प्रश्नांसाठी राखून ठेवा.

कागद, आठवण, वदंता

प्रत्येक माहितीवर या तिघांपैकी एक शिक्का मारायची सवय लावा. आम्ही तीन पाकिटं ठेवतो. बाराव्या घटनादुरुस्तीची प्रत पहिल्या पाकिटात. आजोबांची नाणी दुसऱ्यात. फाळणीत व्हाइसरॉयची बग्गी भारताला नाणेफेकीत मिळाली, ही रंगतदार गोष्ट मी तिसऱ्यात टाकते. सांगते, पण ‘असं सांगतात’ म्हणून. मुलांना हा खेळ फार आवडतो, आणि एखादं पाकीट बदलायला लागलं तर भांडतातही.

कागदांसाठी पणजीच्या पाट्टोवरचं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय गाठा. १८३२ सालचं हे ग्रंथालय देशातल्या सगळ्यांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. कुठल्या महिन्याची वर्तमानपत्रं हवीत हे ठरवून जा, नाहीतर जुन्या जाहिराती वाचण्यात दिवस जातो. माझा गेला आहे. दिल्लीच्या बाजूसाठी राष्ट्रपती भवनाचं संकेतस्थळ बरं आहे, तिथे आभासी फेरफटकाही आहे. गावात नेट मध्येच जातं, म्हणून चित्रं आधी उतरवून ठेवा. मराठी अक्षरं दुसऱ्याच्या लॅपटॉपवर चौकोन होऊन बसतात, तेव्हा सगळं पीडीएफ करून न्या.

दोन चुका सगळेच करतात. एक, सचिवालयाचा फोटो राष्ट्रपती भवन म्हणून लावणं. आमच्या भित्तिपत्रकावर तो दोन महिने होता, एका माजी सैनिकाने दाखवून दिलं. खूण सोपी आहे: भवनाचा घुमट एकच, रुंद आणि सांचीच्या स्तूपाची आठवण देणारा. सचिवालयं दोन, समोरासमोर, प्रत्येकाला आपापला घुमट. दुसरी चूक नावांची. मुघल गार्डन २०२३ पासून अमृत उद्यान आहे. २०२४ पासून दरबार हॉल गणतंत्र मंडप आणि अशोक हॉल अशोक मंडप. १९५० ची हकीकत सांगताना जुनं नाव घ्या आणि आजचं पुढे जोडा, म्हणजे दिल्लीला गेलेलं मूल पाटी वाचून गोंधळत नाही.

दिल्लीला जायचं असेल तर

आधी हे सगळं करा, मग जा. उलट केलं की मुलांना झुंबरं तेवढी आठवतात.

भवनाची सहल तीन भागांत असते: मुख्य इमारत, संग्रहालय आणि बागा. नोंदणी संकेतस्थळावरून आधी करावी लागते. दिवस आणि शुल्क बदलत असतात, तेव्हा तिकिटं काढण्याआधी तिथेच पाहा. वेळ एकाच गोष्टीला असेल तर मी संग्रहालय निवडीन, मुख्य इमारतीत गट पुढे पुढे हाकला जातो. अमृत उद्यान साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडतं, म्हणजे नेमकं परीक्षेच्या तोंडावर. दहावी-बारावीची मुलं त्या मोसमात नेऊ नका, पालक ऐकून घेणार नाहीत. वास्कोहून गोवा एक्स्प्रेस निजामुद्दीनला जाते. दीड दिवसाहून जास्त प्रवास आहे, तर मधला वेळ गाडीतच पाकिटांचा खेळ खेळायला वापरा.

प्रत्येक मुलाचं मूळ ओळखपत्र शिक्षकाकडे एका पिशवीत असू द्या. मोबाइल आत वापरता येईलच असं धरून चालू नका. आम्ही प्रत्येक जोडीला एक वही आणि पेन्सिल देतो. पहिल्या पानावर एकच प्रश्न आधी लिहिलेला असतो, आजीच्या शब्दांत: “थंय सारण कोण मारता?” खाली अर्धं पान कोरं, तिथे भेटलेल्या माणसाने जे सांगितलं ते लिहायला.